एमपीफोर दिसायला तशीच आहे, मग प्रोरेस कशाला?

प्रश्न: इचलकरंजीजवळच्या गावात माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, प्री-वेडिंग हेच मुख्य काम. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका एजन्सीने साखर कारखान्याच्या वार्षिक सभेसाठी चार मिनिटांची फिल्म माझ्याकडे दिली. सभेच्या आदल्या रात्री दहापर्यंत फाइल हवी होती. मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'एमओव्ही, प्रोरेस ४२२ एचक्यू, १९२० बाय १०८०, २५ एफपीएस'. प्रोरेस हा ॲपलचा व्हिडिओ फॉरमॅट आणि मी विंडोजवर प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. म्हणून नेहमीसारखी एमपीफोर काढली आणि फाइलच्या नावाच्या शेवटी एमओव्ही लिहून पाठवली. अकराला फोन आला, 'ही प्रोरेस नाही, फसवताय का आम्हाला?' मग मित्राच्या मॅकवर प्रोजेक्ट नेला, तिथं मराठी टायटल्सचे फाँट गेले. ते परत बसवून एक्सपोर्ट केलं तर फाइल पेनड्राइव्हवर जाईना. अपलोड संपायला पहाट झाली. फिल्म सभेत लागली, लोकांना आवडलीही. पण निम्मे पैसे अडकलेत आणि एजन्सीच्या मॅडम फोन उचलत नाहीत. आता एका बँकेच्या सभेची फिल्म आली आहे, तिथंही एलईडी वॉल आहे. दोन्ही फाइल दिसायला सारख्याच असतात, मग हा हट्ट का? मॅकसाठी दोन लाखांचं कर्ज काढू का? आणि जास्त प्रश्न विचारले तर 'याला काही येत नाही' असं समोरच्याला वाटेल, ही भीती कशी घालवू?

उत्तर:

नमस्कार. कर्ज काढू नका, एवढं आधी सांगते.

विंडोजवरच्या प्रीमियरमधून डिसेंबर २०१८ पासून प्रोरेस थेट निघतं. तुमच्याकडे त्यानंतरची आवृत्ती असेल तर ज्या रात्री तुम्ही मित्राच्या घरी धावलात, त्या रात्रीसुद्धा ती सोय तुमच्याच पीसीत होती. एक्सपोर्टच्या खिडकीत फॉरमॅटच्या यादीत 'एच.२६४' ऐवजी 'क्विकटाइम' निवडा. मग प्रीसेटमध्ये 'ॲपल प्रोरेस ४२२ एचक्यू' दिसेल. नाही दिसलं तर खाली व्हिडिओच्या टॅबमध्ये कोडेकची, म्हणजे चित्र साठवण्याच्या पद्धतींची यादी असते, तिथं सापडेल. लग्नाच्या कामात एच.२६४ सोडून दुसरं काही लागतच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं त्या यादीकडे बघायची वेळ येत नाही. मॅक चांगलं मशीन आहे, पुढेमागे कामाच्या जोरावर जरूर घ्या. पण एका कोडेकसाठी दोन लाखांचा हप्ता गळ्यात घेण्याचं कारण नाही.

आता हट्ट का, ते. एमओव्ही हा नुसता डबा आहे, आत काय भरलंय ते कोडेक ठरवतो. एमपीफोर हाही डबाच, आणि तो क्विकटाइमच्या डब्यावरूनच बेतलेला आहे. म्हणून नाव बदललं तरी फाइल बऱ्याचदा उघडते, चालते, आणि आपल्याला वाटतं जमलं. आतलं एच.२६४ मात्र तसंच राहतं. एच.२६४ जागा वाचवण्यासाठी काही फ्रेम पूर्ण ठेवतं आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढं लिहितं. त्यामुळे मधलीच एखादी फ्रेम दाखवायची तर मशीनला आजूबाजूच्या फ्रेम उलगडून ती नव्याने बनवावी लागते. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. शिवाय रंगांची माहिती दहा बिटांत असते, नेहमीच्या एमपीफोरमध्ये ती आठ बिटांत असते.

घरच्या स्क्रीनवर हा फरक तुम्हाला दिसणार नाही. तो कळतो एलईडी वॉलमागे बसलेल्या ऑपरेटरला. चेअरमन दीपप्रज्वलन करून मागे वळतात, निवेदक म्हणतो 'आता आपण पाहू या', आणि त्या क्षणी फिल्म पहिल्या फ्रेमपासून न अडखळता सुरू व्हावी लागते. त्याच्या मशीनवर त्याच वेळी लोगोचे लूप, कॅमेऱ्याचं लाइव्ह चित्र, प्रायोजकांच्या पाट्या चालू असतात. तो प्रोरेस मागतो, कुणी एचएपी हा दुसरा कोडेक मागतो, रेझोल्यूम वापरणारा त्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं डीएक्सव्ही मागतो. कारण एकच, मशीनवरचा ताण कमी व्हावा. हजारभर सभासदांसमोर फिल्म अडकली तर शिव्या तो खातो आणि ती एजन्सी खाते. त्यामुळे मागितलेला फॉरमॅट हा मला तरी हट्ट वाटत नाही.

नाव बदलून फाइल पाठवणं मात्र चुकलंच, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. मॅडम चिडल्या त्या एमपीफोर मिळाली म्हणून नव्हेत. 'प्रोरेस निघत नाहीये, काय करू?' असा फोन तुम्ही नऊ वाजता केला असता तर त्यांना मार्ग काढायला वेळ होता. तुम्ही पाठवलेल्या फाइलने त्यांना सांगितलं की काम झालं, आणि ऑपरेटरने मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर क्षणात कळलं की झालेलं नाही. त्यांचा तास गेला आणि तुमच्या शब्दावरचा विश्वासही गेला. घाईत, घाबरून माणूस असं करतो हे मी समजू शकते. तरीही हे पुन्हा कधीही करू नका.

घाईच्या रात्रीचं गणित आता सविस्तर मांडते, कारण तुमची खरी अडचण तिथं झाली. प्रोरेस ४२२ एचक्यू हे १९२० बाय १०८० आणि २५ फ्रेमला सेकंदाला साधारण १८४ मेगाबिट घेतं. म्हणजे मिनिटाला जवळपास १.४ जीबी. तुमची चार मिनिटांची फिल्म साडेपाच जीबीची झाली असणार. पेनड्राइव्हवर ती का गेली नाही? पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, ड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. आतला डेटा दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, दोन मिनिटांचं काम आहे. अपलोडचंही तसंच. तुमच्या नेटचा अपलोडचा वेग खरोखर १० एमबीपीएस मिळाला तर साडेपाच जीबी जायला सव्वा तास लागतो. नेटचा प्लॅन शंभरचा असला तरी तो आकडा बऱ्याचदा डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेग वेगळा मोजून ठेवा. मोबाइल हॉटस्पॉटवर तर रात्रच जाते.

म्हणून 'रात्री दहा' ही वेळ फाइल त्यांच्याकडे उघडून पाहिली जाण्याची धरा आणि तिथून उलटं मोजा. त्यांना डाउनलोड करून बघायला अर्धा तास, अपलोडला सव्वा तास, तुम्ही पूर्ण फाइल दोनदा बघायला दहा मिनिटं, एक्सपोर्टला तुमच्या पीसीवर जो लागेल तो, समजा अर्धा तास. शिवाय काही बिघडलं तर दुसऱ्यांदा एक्सपोर्टला तेवढाच. झाले जवळपास तीन तास. दहाची फाइल म्हणजे सातला एडिट लॉक. हे वेळापत्रक काम घेतानाच क्लायंटला लिहून पाठवा, 'सात वाजल्यानंतरचा बदल दहाच्या फाइलमध्ये येणार नाही' असं सरळ शब्दांत. लोक ऐकतात. आधी सांगितलेलं ऐकतात, रात्री नऊला सांगितलेलं ऐकत नाहीत.

तरीही बदल येतोच. सभेच्या फिल्ममध्ये तर तो ठरलेला. साडेनऊला फोन, 'व्हाइस चेअरमनसाहेबांचं आडनाव चुकलंय.' तेव्हा अख्खी फिल्म पुन्हा एक्सपोर्ट करायची गरज नसते. तुमचा तयार प्रोरेस मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, प्रीमियरमध्ये घ्या, त्याच सेटिंगच्या नव्या सीक्वेन्सवर (टाइमलाइनवर) टाका, दुरुस्त केलेला सहा सेकंदांचा तुकडा प्रोरेसमध्येच वेगळा काढून नेमका त्या जागी वर बसवा आणि पुन्हा प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये काढा. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्यामुळे न बदललेला भाग प्रीमियर जवळपास तसाच उचलून ठेवतो आणि काम मूळ एक्सपोर्टपेक्षा पुष्कळ लवकर होतं. फक्त तुकड्याच्या दोन्ही टोकांना पार्श्वसंगीत जुळतंय का ते कान देऊन ऐका. आवाजात बदल नसेल तर आवाज मास्टरचाच राहू द्या, वरून फक्त चित्र बसवा.

आणखी एक सोय आहे, ती कामाच्या पहिल्या दिवशी करायची. सीक्वेन्स सेटिंगमध्ये प्रिव्ह्यू फाइलचा फॉरमॅट क्विकटाइम आणि कोडेक प्रोरेस ४२२ एचक्यू करून ठेवा. दिवसभरात चहाला, जेवायला उठाल तेव्हा टाइमलाइन रेंडर लावून जा. शेवटी एक्सपोर्ट करताना 'यूज प्रिव्ह्यूज'वर खूण केलीत की रंगकाम आणि इफेक्ट्सचं जे रेंडर आधीच झालंय ते पुन्हा होत नाही. हार्ड डिस्कवर जागा मात्र भरपूर लागते, ती आधी बघा.

आता मराठी टायटल्स. मित्राच्या मशीनवर फाँट गेले, हे होणारच होतं. प्रोजेक्ट फाइलमध्ये फाँट जात नाहीत. त्यातही जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फाँट वापरले असतील तर दुसऱ्या मशीनवर 'श्री' च्या जागी काहीतरी अगम्य चिन्हं येतात. युनिकोड फाँट असूनही जोडाक्षरं फुटत असतील, 'अध्यक्ष' मधला क्ष सुटा होऊन पाय मोडून उभा राहत असेल, तर प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट लेआउट इंजिन दक्षिण आशियाई भाषांसाठीचं निवडायचं असतं. ते बदलल्यावर जुनी टायटल्स एकेक करून तपासा. आणि मशीन बदलायचीच वेळ आली तर प्रोजेक्ट हलवू नका. आपल्याच मशीनवर जेवढ्या चांगल्या दर्जाची फाइल निघते तेवढी काढा आणि फक्त ती फाइल दुसरीकडे न्या. मग फाँट, प्लगइन, हरवलेले शॉट यातलं काही आड येत नाही.

यावरून शेवटच्या उपायाकडे येते. समजा प्रीमियर बंदच पडलं, किंवा तुम्ही असं सॉफ्टवेअर वापरताय ज्यातून प्रोरेस निघत नाही. तर जास्तीत जास्त बिटरेट ठेवून एमपीफोर काढा आणि शटर एन्कोडर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तिचं प्रोरेस करा. ते विंडोजवरही प्रोरेस बनवतं. हँडब्रेक या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, त्याच्या जुन्या आवृत्त्यांतून प्रोरेस निघत नाही. असं रूपांतर केल्याने दर्जा वाढत नाही, एमपीफोरमध्ये जे गेलं ते गेलं. ऑपरेटरच्या मशीनची अडचण मात्र सुटते. आणि हे क्लायंटला सांगायचं, 'मास्टर एच.२६४ मधून केलेला आहे, वॉलवर नीट चालेल, मूळ प्रोरेस सकाळी आठपर्यंत देतो.' बहुतेक वेळा उत्तर येतं, 'चालेल, पाठवा.'

पाठवण्यापूर्वीची तपासणी कधीही टाळू नका, कितीही उशीर झालेला असो. मीडियाइन्फो फुकट आहे, त्यात फाइल टाका आणि क्लायंटच्या मेसेजशी ओळीने ओळ जुळवा. फॉरमॅटसमोर प्रोरेस, प्रोफाइलसमोर ४२२ एचक्यू, रुंदी १९२०, उंची १०८०, फ्रेम रेट २५.०००, स्कॅन प्रोग्रेसिव्ह, आवाज पीसीएम ४८ किलोहर्ट्झ. तिथं ३०.००० किंवा २९.९७० दिसलं तर टाइमलाइनच चुकीची आहे. मोबाइल आणि ड्रोनचे ३० फ्रेमचे शॉट २५ च्या टाइमलाइनवर टाकले की सेकंदाला पाच फ्रेम गळतात, आणि उसाच्या फडावरून ड्रोन सरकताना चित्र बारीक झटके देतं. मोठ्या वॉलवर ते झटके फार बोचतात. शूटिंगच २५ किंवा ५० ला करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे शटर सेकंदाचा ५० वा भाग ठेवलं तर हॉलमधल्या दिव्यांचं लुकलुकणंही टळतं. मग एक्सपोर्ट झालेली फाइल, टाइमलाइन नव्हे, व्हीएलसीमध्ये पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या काळ्या फ्रेमपर्यंत बघा. हेडफोन लावून, दोन्ही कानांत आवाज येतोय ना ते ऐकत. मोठी प्रोरेस साध्या हार्ड डिस्कवरून बघताना थोडी अडखळली तर लगेच घाबरू नका, एसएसडीवर कॉपी करून पुन्हा बघा.

आता तुमच्या भीतीबद्दल, कारण मला तीच सगळ्याच्या मुळाशी दिसते. तो मेसेज तुम्हाला कामाच्या सुरुवातीलाच आला होता. 'प्रोरेस' हा शब्द तेव्हाच खटकला असणार. त्या दिवशी विचारलं असतं तर दोन मिनिटांत सुटलं असतं, पण 'याला येत नाही' असं वाटेल म्हणून तुम्ही गप्प राहिलात. या धंद्यातली अनुभवी माणसं पहिल्याच फोनला दहा प्रश्न विचारतात. फाइल कुठे चालणार? कुठल्या मशीनवर? ऑपरेटरचा नंबर मिळेल का? जो काहीच विचारत नाही त्याच्याबद्दल एजन्सीला धाकधूक असते. टीव्हीसाठी असेल तर उत्तर पूर्ण वेगळं येतं. चॅनेल कदाचित एमएक्सएफमध्ये एक्सडीकॅम ५० मेगाबिट, ५०आय, अपर फील्ड फर्स्ट मागेल आणि आवाजाची पातळीही ठरवून देईल. थिएटरसाठी असेल तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरसाठीचं फाइलचं पॅकेज लागेल आणि तिथं २४ फ्रेमचा प्रश्न येईल. हे सगळं पाठ असण्याची गरज नाही. कुठे दाखवणार हे विचारण्याची आहे.

एलईडी वॉलच्या बाबतीत एक प्रश्न तर एजन्सीलाही सुचलेला नसतो: वॉल किती पिक्सेलची आहे? आपल्याकडे मांडवात लागणारी बरीच पॅनेल ३.९ मिलिमीटर पिचची (दोन पिक्सेलमधलं अंतर), अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची असतात आणि अशा एका पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच वॉल म्हणजे बारा बाय सहा पॅनेल, १५३६ बाय ७६८ पिक्सेल. हा आकार दोनास एक आहे आणि तुमची १९२० बाय १०८० ची फिल्म सोळास नऊ. मग एकतर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, नाहीतर ऑपरेटर चित्र मोठं करून वरखाली कापेल आणि त्यात खालच्या पट्टीतली संचालकांची नावं जातील. ज्यांच्यासाठी फिल्म केली त्यांचीच नावं. आकार आधी कळला तर टायटल्स जरा आत घेता येतात, किंवा वॉलच्या मापाचीच टाइमलाइन करता येते.

याच फोनमध्ये दुसरी गोष्ट मागून घ्या, दहा सेकंदांची चाचणी. कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी कुठलेही दहा सेकंद उचला. त्यात एक मराठी टायटल, एक हलता शॉट आणि थोडं संगीत असू द्या. मागितलेल्या फॉरमॅटमध्ये एक्सपोर्ट करून पाठवा. ही फाइल जेमतेम पाव जीबीची होते. 'तुमच्या मशीनवर चालवून बघा आणि होकार कळवा' एवढंच लिहा. होकार आला की ती सेटिंग प्रीसेट म्हणून नाव देऊन जतन करा आणि शेवटच्या रात्री फक्त तो प्रीसेट निवडा. त्या रात्री तुमच्या बाबतीत जे जे बिघडलं, कोडेक, फाँट, पेनड्राइव्ह, अपलोडचा वेग, त्यातलं बहुतेक या दहा सेकंदांत आठवडाभर आधीच उघडं पडलं असतं. क्लायंटकडून फॉरमॅटबद्दल काहीच आलं नसेल तरीही हे करा.

सप्टेंबरात तर हे पाळाच. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे कारखाने, बँका, दूध संघ सगळ्यांच्या फिल्म त्याच तीन-चार आठवड्यांत येतात. ऑपरेटरही तेच, मशीनही तीच, आणि कुणालाच रात्री अकराला तुमच्यासाठी वेळ नसतो.

अडकलेल्या पैशांसाठी मॅडमना फोन करत राहू नका, त्या उचलणार नाहीत. एक मेसेज लिहा, असा काहीसा: 'नमस्कार मॅडम. त्या रात्री मी एमपीफोर फाइलचं नाव बदलून पाठवली, ते चुकीचं होतं आणि त्यामुळे तुम्हाला त्रास झाला. माफ करा. ठरलेल्या फॉरमॅटमधली फाइल सभेआधी तुमच्याकडे पोचली आणि फिल्म दाखवली गेली, म्हणून उरलेल्या रकमेचं बिल सोबत पुन्हा जोडतो. प्रोरेस मास्टर आणि टायटल्सशिवायची प्रत माझ्याकडे जपून ठेवली आहे, पुढे कधीही लागली तर कळवा.' माफी मागा, पण पैसे कमी करून देतो असं स्वतःहून लिहू नका. काम तुम्ही पूर्ण केलंय, रात्र जागून केलंय, आणि ते पैसे तुमचे आहेत. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच मेसेज बिलासह ईमेलवर पाठवा, म्हणजे लेखी राहील.

बँकेच्या फिल्मचं शूटिंग सुरू व्हायच्या आधी एलईडीवाल्याचा नंबर मागून घ्या आणि वॉलचं माप पिक्सेलमध्ये लिहून घ्या.